बी, दाढ, लावणी

१ फेब्रुवारी, हर्णै

लाल कोंबडी चार दिवस खुडूक बसली आहे. खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसते, हात नेला की टोचते, दाण्यालाही उठत नाही. संध्याकाळी आईने जुन्या डालग्यात पेंढा घातला आणि अकरा अंडी मांडली. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढली, म्हणजे दुसरी एखादी कोंबडी मध्ये घुसून अंडं घालून गेली तर ते कळेल. अंडी कधी सम बसवायची नाहीत, हा तिचा नियम. "आता एकवीस दिवस तिच्या वाटेला जायचं नाही," तिने मला बजावलं.

मी पशुवैद्यक. गेली १४ वर्षं तालुक्यातल्या पोल्ट्री शेडवर फिरते. मेलेली कोंबडी उघडली की यकृत, आतडं, श्वासनळी बघते आणि शेवटी शेपटीखाली, गुदद्वाराच्या वरच्या अंगाला असलेली एक छोटी पिशवी काढते. तिचं नाव फॅब्रिशियसची बर्सा. हा अवयव फक्त पक्ष्यांत असतो. माझ्या हाती तो बहुतेक वेळा आजारी होऊनच येतो: सुजलेला, रक्ताळलेला, नाहीतर सुकलेला. निरोगी बर्सा कधी उगवते, कुणाच्या हुकमाने वाढते आणि कुणाच्या हुकमाने मिटते, हे शिकले परीक्षेपुरतं. या वेळी लाल कोंबडीबरोबर दिवस मोजायचे आणि डालग्यात त्या त्या दिवशी काय घडत असेल ते लिहायचं ठरवलं आहे.

३ फेब्रुवारी

आईने विचारलं, "पिशवीला असलं नाव कोणाचं गो?"

इटलीतल्या पादुआच्या एका शरीरशास्त्राच्या शिक्षकाचं. फॅब्रिशियसने कोंबडीचं अंडं आणि त्यातलं पिल्लू यांवर पुस्तक लिहिलं. ते छापून आलं १६२१ मध्ये, तो वारल्यानंतर दोन वर्षांनी. त्यात ही पिशवी पहिल्यांदा नीट वर्णिलेली आहे. कोंबडी नराचं वीर्य इथे साठवून ठेवत असावी, असा त्याचा तर्क होता. त्याचा शिष्य विल्यम हार्वी, ज्याने पुढे रक्ताभिसरण उलगडलं, त्याला हे पटलं नाही. आणि ते पटण्यासारखं नव्हतंच, कारण पिशवी कोंबड्यातही तेवढीच असते.

तरी मला त्या चुकीचं अप्रूप वाटतं. जननेंद्रियांशी या पिशवीचं काहीतरी नातं आहे, असं त्याला वाटलं. नातं निघालंच, पण पार वेगळं. ते कळायला सव्वातीनशे वर्षं लागली.

६ फेब्रुवारी, पाचवा दिवस

रात्री कोंबडीखालून एकेक अंडं काढून टॉर्चवर धरलं. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या, मधे एक काळा ठिपका, तो डोळा. दोन अंडी नितळ निघाली, ती बाजूला काढली. कोंबडी सारा वेळ घशातल्या घशात कुरकुरत होती.

बर्साचा अंकुर साधारण याच सुमारास धरतो. गर्भाच्या मागच्या टोकाला, आतड्याच्या शेवटच्या भागाला एक फुगवटा येतो, एवढीच सुरुवात. पुढच्या गोष्टीसाठी हा पाचवा दिवस महत्त्वाचा आहे.

१९४४ मध्ये अमेरिकेतल्या कर्कपॅट्रिक आणि अँड्र्यूज या दोघांनी फेझंट पक्ष्यांना लैंगिक संप्रेरकं देऊन पाहिली, तेव्हा बर्सावर त्यांचा परिणाम होतो हे दिसलं. नंतर १९५९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याही मागे जाऊन पाहिलं. उबवणीच्या पाचव्या दिवशी त्यांनी अंड्यात टेस्टोस्टेरॉनचाच एक भाऊबंद, १९-नॉरटेस्टोस्टेरॉन, टोचलं. पिल्लं बाहेर आली, चालली, दाणे टिपू लागली. मग आत पाहिलं, तर बर्सा वाढलेलीच नव्हती. सुरी न लावता, आतड्याला बोट न लावता, अंड्यात टोचलेल्या एका थेंबाने अख्खा अवयव येता येता थांबला होता.

१९६१ मध्ये ग्लिक आणि सॅडलर यांनी तर अंडी नुसती संप्रेरकाच्या द्रावणात बुडवून पाहिली. कवचातल्या छिद्रांतून जेवढं आत झिरपलं, तेवढंही पुरलं.

टॉर्च बंद केल्यावरही माझ्या डोळ्यांसमोर तो काळा ठिपका होता.

९ फेब्रुवारी, आठवा दिवस

वाडीत कवळ तोडायला सुरुवात झाली. गडी ऐन-किंजळीच्या फांद्या छाटून, भारे बांधून आणतात. वाळल्या की त्या दाढीवर पसरून भाजावळ करायची. दाढ म्हणजे भाताचं रोप तयार करायचा वाफा. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, राखेने माती मऊ होते. मग पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचं आणि रोप हातभर झालं की उपटून खाचरात लावायचं.

दुपारी आईच्या बाजूला भारे मोजत बसले होते, आणि मनात आलं की आठव्या दिवशी अंड्यात नेमकं हेच चाललेलं असतं.

बर्साची पिशवी हा वाफा. पण त्यात पेरायचं बी तिचं स्वतःचं नसतं, ते बाहेरून येतं. रक्तपेशींच्या मूळपेशी गर्भाच्या दुसऱ्या भागात जन्मतात आणि रक्तातून वाहत येऊन आठव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बर्सात शिरतात. हे दाखवून दिलं पॅरिसजवळ नोजाँ इथे काम करणाऱ्या निकोल ल दुआरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७५ मध्ये. लाव्याच्या पेशीचं केंद्रक रंगवलं की कोंबडीच्या केंद्रकापेक्षा वेगळं दिसतं. म्हणून त्यांनी एका पक्ष्याची कोवळी बर्सा दुसऱ्याच्या गर्भावर वाढवली आणि कोणती पेशी घरची, कोणती बाहेरून आलेली, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घेतलं. पिशवीचं अस्तर घरचं निघालं, आत वसलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाहुण्या.

आता पाचव्या दिवसाचा अर्थ लागतो. ते संप्रेरक बी मारायला गेलं नव्हतं. तेव्हा बी आलेलंच नव्हतं. त्याने वाफाच होऊ दिला नाही. आठव्या दिवशी बी आलं असेल, आणि त्याला रुजायला जागा मिळाली नसेल.

आईला हे सगळं दाढीच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "दाढ चुकली की वर्ष चुकलं."

१२ फेब्रुवारी

सकाळी सहालाच चुलतभावाचा फोन. "ताई, कालपासून साठ गेल्या. येतेस का?"

त्याची ब्रॉयलरची शेड, पक्षी २४ दिवसांचे. आत शिरताच अमोनियाने डोळे चुरचुरले. पक्षी पिसं विस्कटून, माना खाली घालून बसलेले, तुसावर पांढरट पातळ विष्ठा. चार मेलेले पक्षी उघडले. मांड्यांच्या स्नायूंत रक्ताचे फराटे. बर्सा दुप्पट सुजलेली, वर पिवळट चिकट थर. कापली तर आतल्या घड्या रक्ताने माखलेल्या. गंबोरो.

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाच्या परिसरात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून हे नाव. याचा विषाणू बर्सातल्या वाढत्या पेशी शोधून मारतो. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू त्याला सापडतं, कारण त्याच वयात बर्सा जोमात असते. जे पक्षी मरतात ते दिसतात. जे वाचतात त्यांची खरी काळजी असते, कारण त्यांची बर्सा सुकते, पुढे दिलेली लस नीट लागत नाही आणि एरवी हसत झेलला असता असा जंतूही त्यांना झोपवतो.

"लस दिली होती ना ताई, तेराव्या दिवशी," तो म्हणत राहिला. मी त्याला आईकडून पिल्लात आलेल्या प्रतिपिंडांचं गणित सांगितलं. ती प्रतिपिंडं अंगात जास्त असताना लस दिली तर तीच लस मोडून टाकतात, आणि ती ओसरून गेल्यावर दिली तर विषाणू आधीच पोचलेला असतो. मधल्या दोन-चार दिवसांत ती पडायला हवी. पुढच्या बॅचला पिल्लांचं रक्त तपासून दिवस ठरवू, असं ठरलं. पाण्यातून जीवनसत्त्वं, तुसाची उलथापालथ, मेलेल्या पक्ष्यांसाठी खोल खड्डा आणि चुना. बाकी माझ्या हातात काही नव्हतं. त्याच्या बायकोने चहा दिला. तो कोणालाच गोड लागला नाही.

१४ फेब्रुवारी, तेरावा दिवस

काल-परवाचा थकवा उतरला नाही, पण ही गोष्ट आज लिहायलाच हवी. माझ्या सगळ्या धंद्याचा पाया तिच्यात आहे.

ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्सावर काम करत होता. ती कधी वाढते, कधी घटते हे मोजायचं आणि काही पिल्लांची बर्सा शस्त्रक्रियेने काढून पुढे काय होतं ते बघायचं, असा त्याचा उद्योग. त्या पक्ष्यांना काही झालं नाही. ते छान वाढले. पिशवी निरुपयोगी असावी, असंच दिसत होतं.

मग त्याचा सहाध्यायी टिमोथी चँग याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. साल्मोनेला जंतूंचा अंश टोचायचा आणि रक्तात प्रतिपिंडं कशी तयार होतात ते विद्यार्थ्यांना दाखवायचं. ग्लिकने आपल्याकडच्या कोंबड्या दिल्या. टोचल्यावर काही मेल्या, उरलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं आलीच नाहीत. प्रात्यक्षिक फसलं. मग पायातले क्रमांक ताडून पाहिले, तेव्हा या सगळ्या बर्सा काढलेल्या कोंबड्या निघाल्या.

दोघांनी मार्गदर्शक जाप यांच्यासह मोठ्या संख्येने पक्षी घेऊन प्रयोग पुन्हा केला. पहिल्या नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला. १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला, कोंबडीपालनाच्या त्या नियतकालिकात, जिथे माणसांच्या वैद्यकाचे लोक फारसे फिरकत नसत. वर्षभरात चँग यांनी वयाचा मुद्दाही दाखवून दिला. बर्सा कोवळ्या वयात काढली तर मोठा फटका बसतो. पिल्लू मोठं झाल्यावर काढली तर फारसा फरक पडत नाही.

रोप खाचरात लागल्यावर दाढ नांगरली तरी पिकाचं काय जातं?

१६ फेब्रुवारी, पंधरावा दिवस

आजपासून आईने डालग्याच्या भोवती पाणी शिंपडायला सुरुवात केली. ऊन वाढलंय.

ग्लिकच्या पिल्लांवर सुरी चालवायची म्हणजे ती जन्मल्यानंतरच. तोवर थोडी लावणी झालेली असते. अंड्यातच काही पेशी बर्सातून बाहेर पडून प्लीहेत पोचतात. म्हणून तशा पक्ष्यांपैकी काहींत थोडी प्रतिपिंडं उरत. संप्रेरकाने मात्र दाढच न झाल्यामुळे रोपाला सुरुवातच झाली नाही. १९६० मध्ये विस्कॉन्सिनच्या गटाने दाखवलं की पाचव्या दिवशी संप्रेरक टोचलेल्या अंड्यांतली पिल्लं प्रतिपिंडं तयार करण्यात पार मागे पडतात.

हाच धागा मेलबर्नमध्ये नोएल वॉर्नर, अलेक्झांडर सेनबर्ग आणि मॅकफार्लेन बर्नेट यांनी हाती घेतला. टेस्टोस्टेरॉन दिलेल्या अंड्यांतल्या पिल्लांचे त्यांना दोन गट सापडले. बहुतेकांत फक्त बर्सा नव्हती, गळ्यातला थायमस हा अवयव ठीक होता. या पिल्लांना प्रतिपिंडं करता येत नव्हती, पण दुसऱ्या कोंबडीच्या कातडीचा तुकडा अंगावर शिवला तर ती तो ओळखून झिडकारत. थोड्या पिल्लांत थायमसही खुरटला होता, आणि त्यांना परका तुकडा झिडकारताही आला नाही. एकाच औषधाने दोन अवयवांना कमी-जास्त धक्का दिला, आणि त्या धक्क्यांच्या फरकातून दिसलं की शरीराची राखण करणाऱ्या फळ्या एक नसून दोन आहेत. हे १९६२ मध्ये आलं. पुढे १९६५ मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन आणि रॉबर्ट गुड यांनी किरणोत्सार आणि शस्त्रक्रिया वापरून ते पक्कं केलं.

थायमसच्या त्या टी पेशी, आणि बर्साच्या त्या बी पेशी.

माणसाला बर्सा नाही, आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. पण दुनियाभरच्या दवाखान्यांतल्या रक्ताच्या अहवालांवर आजही कोंबडीच्या पिशवीचं आद्याक्षर छापलं जातं.

जेवताना आईला म्हटलं, "आई, या पेशींना बी म्हणतात." ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की. बीच ते."

मला हसू आलं नाही. परदेशी अक्षर तिच्या तोंडात पडलं आणि त्याला अर्थ फुटला.

१७ फेब्रुवारी

भावाकडची मर थांबत आली. येताना संध्याकाळी बंदरावर थांबले. मासळीचा लिलाव चालू, होड्यांभोवती कुरवांचा कालवा. त्यांत काळ्या डोक्याचे कुरवही होते, पण हिवाळ्यात त्यांचं डोकं काळं नसतं, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका राहतो. विणीच्या मुलखात परतण्याआधी टोपी पुन्हा चढते.

नेदरलँड्समध्ये टॉन ग्रोथाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीच्या अंड्यांवर काम केलं आहे. त्याच्या आधी, १९९३ मध्ये, ह्यूबर्ट श्वाबल यांनी कॅनरी पक्ष्यांत दाखवलं होतं की अंड्याच्या पिवळ्या बलकात आईने ठेवलेलं टेस्टोस्टेरॉन असतं, आणि एकाच विणीत नंतर घातलेल्या अंड्यांत ते जास्त असतं. उशिरा जन्मणाऱ्या, भावंडांच्या पायाखाली येऊ शकणाऱ्या पिल्लाला ती जणू थोडा जोर बांधून देते. कुरवांत दिसलं की असा जोर मिळालेलं पिल्लू भराभर वाढतं, पण त्याचा रोगप्रतिकार त्या बदल्यात थोडा मागे पडतो.

प्रयोगशाळेत बर्सा पुसून टाकणारी मात्रा वेगळी आणि बलकातला हा अंश वेगळा, हे विसरून चालणार नाही. आईचा अंश वाफा जाळत नाही. पण वाढ आणि राखण यांच्यात वाटणी करायची आहे, हे तो पिल्लाला जन्माआधीच सांगतो.

त्याच बलकात आई दुसरीही एक गोष्ट ठेवते. तिने आयुष्यात झेललेल्या रोगांविरुद्धची तयार प्रतिपिंडं. पिल्लाचं स्वतःचं पीक उभं राहीपर्यंतचे पहिले दोन-तीन आठवडे ती पुरतात. आमची लाल कोंबडी तीन वर्षांमागच्या मानमोडीतून वाचलेली आहे. त्या पावसाळ्यात वाडीतल्या निम्म्या कोंबड्या गेल्या होत्या. तिला लस मी दिली होती, पण वाचली ती आपल्या रक्ताने. डालग्यातल्या नऊ अंड्यांत तिचीच चार-पाच आहेत.

१९ फेब्रुवारी, अठरावा दिवस

रात्री एक अंडं कानाला लावलं. आत चोच घासल्यासारखा आवाज, अगदी बारीक.

आता बर्सात घड्या पडलेल्या आहेत आणि घड्यांत पेशींच्या गाठी. पूर्ण वाढलेल्या बर्सात त्या १०,००० च्या आसपास असतात. प्रत्येक गाठ म्हणजे रोपांचा एक चुडा. पण इथे एक पेच आहे. प्रतिपिंडाचा आकार ठरवणारे जनुक माणसाकडे पुष्कळ आहेत, ते हवे तसे जोडून तो नाना प्रकारची प्रतिपिंडं करतो. कोंबडीकडे कामाचा जनुक एकच. बाकीचे शेजारी पडलेले, अर्धवट, स्वतः काही न करू शकणारे. मग एवढ्या जंतूंना ती पुरी कशी पडते?

पॅरिसमध्ये क्लोद-आन्येस रेनो आणि झाँ-क्लोद वेल यांनी १९८७ मध्ये हे उलगडलं. बर्साच्या गाठीत वाढताना प्रत्येक पेशी त्या अर्धवट जनुकांतले तुकडे उचलून आपल्या एकुलत्या एका जनुकात भरते. प्रत्येक पेशी वेगळे तुकडे उचलते, म्हणून एकाच बीजापासून हजारो जातींचं रोप तयार होतं. यातल्या बहुतेक पेशी बर्सातच मरतात. ज्या निघतात, त्या प्लीहेत, आतड्याच्या भिंतींत, मगजात जाऊन राहतात.

म्हणून बर्साला वेळ हवा. नुसती जागा असून भागत नाही.

२२ फेब्रुवारी

पहाटे आईने हाक मारली. लाल कोंबडीच्या पंखाखालून एक ओलं, पिवळं डोकं बाहेर. दुपारपर्यंत आठ पिल्लं झाली. नवव्या अंड्याला चोचीने भोक पडलं, पण पिल्लू आतच राहिलं. आईने ते उचलून परसात आंब्याखाली पुरलं. कोंबडी पिल्लांना घेऊन डालग्यातून उतरली तेव्हा तिची छाती उघडी दिसली, पिसं झडून कातडी लाल झालेली.

आठांतली कोणती नर, कोणती मादी, आज कळणार नाही. पण आत ते सहाव्या-सातव्या दिवसापासूनच दिसू लागलेलं असतं. पक्ष्यांत मादीच्या अंगात दोन वेगळी लैंगिक गुणसूत्रं असतात, नरात दोन सारखी. मादी गर्भ स्वतः इस्ट्रोजेन करू लागतो, त्याची डावी जननग्रंथी बीजांडकोश होते, उजवी मागे पडते. बर्सा मात्र दोघांना सारखी मिळते. जिच्यावर लैंगिक संप्रेरकांचा एवढा जोर चालतो, ती वाढते मात्र ती संप्रेरकं निवलेली असतात त्या बाळपणात.

४ मे

मुंगसाने एक पिल्लू मारलं. दहा आठवड्यांचं होतं. आईने काठी मारून ते सोडवलं, पण मान तुटलेली. मी पडवीत पाट मांडून ते उघडलं.

इतकी सुंदर बर्सा मी फार दिवसांत पाहिली नव्हती. सुपारीएवढी, गोल, फिकट पिवळसर, वरून तुकतुकीत. चिरली तर आत पुस्तकाच्या पानांसारख्या घड्या, स्वच्छ. याहून मोठी ती कधी होत नाही. आईला बोलावून दाखवली. ती वाकून बघत राहिली.

भावाच्या शेडमधली नवी बॅच परवा गेली, ४० दिवसांची. तिथले पक्षी या टप्प्यापर्यंत पोचतही नाहीत. बर्सा भरात येण्याआधीच ते गाडीत चढतात. तिचं मिटणं तर त्यांच्या वाट्याला येतच नाही.

३० जून

पाऊस लागला. दाढीतलं रोप हिरवंगार, वीतभर वर आलं आहे.

पिल्लांत तीन नर. त्यांतल्या थोरल्याचा तुरा गेल्या पंधरा दिवसांत भडक लाल झाला. आज पहाटे तो आरवला. फाटका, अर्धवट आवाज, पण आरवला. १८४९ मध्ये ग्योटिंगेनमध्ये बेर्टोल्ड यांनी कोंबड्यांची वृषणं काढून तुरा सुकतो हे पाहिलं, आणि वृषण पोटात दुसरीकडे बसवलं तरी तुरा पुन्हा फुलतो हेही पाहिलं. रक्तातून काहीतरी फिरतं, हा धडा जगाला कोंबड्याच्या तुऱ्याने दिला.

त्या लाल तुऱ्यामागे जे रक्तात फिरतं, तेच आता बर्सापर्यंत पोचतं आहे. तिच्यात त्याला ओळखणारे ग्राही असतात. अंड्यात आलं असतं तर वाफाच झाला नसता. आता येतं तेव्हा लावणी आटपलेली असते आणि बर्सा आक्रसू लागते. कोंबड्याला खच्ची केलं तर हे आक्रसणं लांबतं. मादीतही वयात येताना बर्सा मिटते.

थायमसची रीत वेगळी. कॅनडात ई. ओ. हॉन यांनी १९५६ मध्ये नोंदलं की रानपक्ष्यांत विणीचा हंगाम सरून वृषणं लहान झाली की थायमस पुन्हा वाढतो. तो वर्षावर्षाने मिटतो आणि उमलतो. बर्सा एकदाच.

जे संप्रेरक तुरा लाल करतं तेच रोगाशी झुंजायची ताकद कमी करतं, असा एक सिद्धांत फोलस्टाड आणि कार्टर यांनी १९९२ मध्ये मांडला. म्हणजे नर आपलं सौंदर्य आपल्या राखणीतून विकत घेतो. पुढच्या कामात कुठे तसं दिसलं, कुठे नाही. मला वाटतं, नुसती मात्रा बघून हा हिशेब लागणार नाही. ती कोणत्या दिवशी आली हेही विचारावं लागेल. माझी सारी १४ वर्षं तेच सांगतात. लस असो, अमोनिया असो, विषाणू असो, पिल्लाला मी नेहमी आधी एकच विचारते: आज कितवा दिवस?

२० जुलै

लावणी आटपली. काल वाडीची राखण होती, राखणदाराला मान द्यायचा दिवस. आईने थोरला कोंबडा दिला. मला वाईट वाटलं, पण त्याचा तुरा फुटला त्या दिवसापासून हे ठरलेलंच होतं. मानेवर हळद-कुंकू लावताना तिचा हात थोडा थांबलेला मी पाहिला.

साफ करायला मीच बसले. पाच महिन्यांचा पक्षी, मांसल, वृषणं भरलेली, फिकट. शेपटीखाली बोट घातलं. आधी काही लागलंच नाही. मग गुदद्वाराच्या वर, चरबीत, चिंचोक्याएवढी एक सुरकुतलेली गाठ हाताला आली. मे महिन्यातली ती सुपारी आठवली. चिरली तर घड्या एकमेकींना चिकटलेल्या, पातळ. प्लीहा मात्र गच्च, तजेलदार.

आई दारातून म्हणाली, "सापडली का गो?"

"सापडली. मिटत आलीय."

संध्याकाळी पाऊस उघडला, तेव्हा बांधावर जाऊन उभी राहिले. सगळी खाचरं पाण्याने भरलेली, रोपं अजून धरतायत, थोडी पिवळी. भाजावळीत काळी झालेली ती दाढ कुठे होती, म्हणून बघू लागले. तिच्यातही शेवटी भात लावलेलं असतं, ते मी विसरले होते. आईने तिथल्या तिथून बोट दाखवलं, तरी मला ती बाकीच्या खाचरांतून वेगळी काढता आली नाही.